औषध शुद्ध, पण हात?

१/ आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवताना आपण खोली पाहतो, जेवण पाहतो, गोळ्या कोणत्या कंपनीच्या हेही विचारतो. गोळी देणारा हात धुतलेला असतो का, हे मात्र विचारीत नाही. या दुर्लक्षाची किंमत इतिहासाने एकदा मोजली आहे. #धागा

२/ १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागली.

३/ ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. उरलेल्या चार बाटल्या निर्दोष ठरल्या.

४/ ठपका परळवर आला. हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. वस्तुतः ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले होते. रोनाल्ड रॉस आदींनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

५/ औषध कारखान्यातून शुद्ध निघाले, म्हणून रुग्णाच्या मुखी शुद्धच पोहोचते असे नाही. शेवटची वीतभर वाट हाताची असते.

६/ वृद्धाश्रमात तोच हात एकाचे डायपर बदलतो, दुसऱ्याच्या डोळ्यांत थेंब घालतो, तिसऱ्याची गोळी मोडतो. प्रत्येक माणसाआधी आणि नंतर हात स्वच्छ करणे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. हातमोजे हा त्याला पर्याय नव्हे.

७/ "पाणीच नाही," हे उत्तर ठरलेले. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, हे खरे. पण अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, पाणी लागत नाही. हात मळलेले असतील किंवा शौचाची सफाई केली असेल, तर मात्र साबण-पाणीच हवे. तेवढे पाणी राखून ठेवणे संचालकांचे कर्तव्य आहे.

८/ आणि दोष एकट्या मदतनिसाच्या माथी मारू नका. एका माणसावर मजलाभर वृद्ध सोपवायचे, द्रावणाची बाटली कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि वर स्वच्छतेचे फलक लावायचे, हा दांभिकपणा आहे. पुढच्या भेटीत एवढेच पाहा: औषधांच्या ट्रेवर ती बाटली आहे का? नसेल, तर शुल्काची पावती घेण्याआधी तिची मागणी करा.