मुळी आपली, रेणू परक्यांचा

औषधी वनस्पतींचा नुसता अभिमान पुरत नाही. त्यातला रेणू वेगळा काढणारा रसायनतज्ज्ञ लागतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला, पण तिच्यातले रेसर्पीन १९५२ मध्ये वेगळे केले ते स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने. पुढे याच रेसर्पीनने सशांची हालचाल थांबवून अर्व्हिड कार्ल्सन यांनी डोपामिनचे मेंदूतील काम उलगडले. २००० च्या नोबेलचे ते एक मानकरी. नवे औषध बाजारात आणणे धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे, हा आक्षेप खरा. पण अर्क काढून घटक वेगळे करण्याची पहिली पायरी मोठ्या भांडवलावाचून अडत नाही. महागड्या तपासण्या बाहेरून करून घेता येतात. धाराशिवमध्ये शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, विद्यापीठाचे उपकेंद्रही आहे. या दोन्ही संस्थांची सामाईक प्रयोगशाळा राज्य सरकारने उभी करावी.