रेषेची बाई
आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या सिनेमाचं १९५८ सालचं पोस्टर एकदा निवांत बघा. ते करणाऱ्या सॉल बास यांनी त्यावर ना नायकाचा भलामोठा चेहरा घेतला, ना पिस्तूल. भडक नारिंगी पार्श्वभूमी, पांढऱ्या रेषांचा भोवरा आणि त्यात ओढली जाणारी दोन माणसं. पुरुष काळ्या रंगानं भरलेला; बाई मात्र नुसत्या रेषेची, आतून रिकामी. नायक जिच्यासाठी वेडा होतो ती मुळात एक सोंग असते, हे रहस्य पोस्टरनं आधीच उघड्यावर मांडलेलं असतं. आपल्याला ते सिनेमा बघितल्यावर उमगतं. अक्षरंसुद्धा कात्रीनं कापल्यासारखी, वेडीवाकडी. भीतीला नेमका आकार सापडला की चेहऱ्यांची गर्दी लागत नाही. आज पोस्टर करणाऱ्यांनी हा धडा पुन्हा गिरवावा.