पहिल्या लॅपला घाई नको!

विक्रमगडहून जव्हारला चढताना पावसाळी धुक्यात एसटीच्या मागे मुकाट जाता ना? मग रात्री ऑनलाइन रेसमध्ये पहिल्याच वळणावर अंगात शूमाकर कसा संचारतो, बॉस? टायर थंड, ग्रिप कमी, गाड्यांची ही गर्दी. पुढचा नेहमीपेक्षा आधी ब्रेक मारतो आणि मागचे एकमेकांवर! तेव्हा ब्रेक जरा लवकर, अगदी मागे चिकटू नका. आयरेसिंगवर जोरदार धडकेचे चार पॉइंट बसतात, चूक कुणाचीही असो. (अन्याय आहे, पण आहे.) २०१६ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत हॅमिल्टन-रॉसबर्ग ही मर्सिडीजची जोडगोळी पहिल्याच लॅपला एकमेकांना भिडून बाद झाली. जिंकला कोण? १८ वर्षांचा वर्स्टॅपन. दुसऱ्या लॅपपर्यंत थांबा, पुढचे दोन-चार आपोआप गवतात दिसतील.