आधी बंदर, मग खाण

कोळसा हा वजनाने जड आणि भावाने हलका माल असल्यामुळे, खाणीच्या तोंडाशी असलेल्या त्याच्या किमतीत लोहमार्गाचे, बंदराचे आणि जहाजाचे भाडे मिळवत गेले की मूळ माल त्यात नेमका किती उरला, असा प्रश्न पडतो. म्हणूनच निर्यातीसाठी काढलेल्या खाणीचा हिशेब खड्ड्यापासून नव्हे, तर धक्क्यापासून मांडावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील कारमायकल खाण हे याचे अलीकडचे ठळक उदाहरण आहे. अदानी समूहाने २०१० मध्ये या कोळशाचे हक्क घेतले आणि पुढच्याच वर्षी, खाणीत कुदळही पडलेली नसताना, ॲबट पॉइंट बंदरातील कोळसा धक्का ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने १.८३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना ताब्यात घेतला. निर्यातीसाठीचा पहिला कोळसा मात्र या धक्क्यावर जमला तो २०२१ च्या डिसेंबरअखेरीस.

मधली दहा वर्षे कशात गेली, हे पाहण्यासारखे आहे. मूळ योजना वर्षाला ६ कोटी टनांची होती. २०१४ मध्ये भारतीय स्टेट बँकेशी सुमारे १ अब्ज डॉलरच्या कर्जाचा सामंजस्य करार, म्हणजे बंधनकारक नसलेला प्राथमिक करार, झाला खरा, पण ते कर्ज प्रत्यक्षात आले नाही. वांगान आणि जगलिंगू या मूळ रहिवाशांतील एका गटाने न्यायालयाची दारे ठोठावली. डूंगमाबुला झऱ्यांच्या भूजलाचे काय होणार आणि काळ्या गळ्याच्या फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अधिवास टिकणार का, या दोन प्रश्नांवर अंतिम परवानगी २०१९ च्या जूनपर्यंत अडून राहिली. तोवर कंपनीने २०१८ मध्येच योजना वर्षाला १ कोटी टनांच्या आसपास आणली होती आणि बंदरापर्यंत स्वतंत्र लोहमार्ग टाकण्याऐवजी सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग बांधून तो जुन्या जाळ्याला जोडण्याचे ठरवले होते. एवढ्याशा पक्ष्याने आणि झऱ्याने एवढा मोठा व्यवहार अडवून धरावा, हे भारतीय वाचकाला नवलाचे वाटेल. खरे तर आपल्याकडे तसे क्वचित घडते, याचे नवल वाटायला हवे.

या कोळशाचे महाराष्ट्राशी असलेले नाते व्यापारापेक्षा पुष्कळ जुने आहे. कारमायकल ज्या गॅलिली खोऱ्यात आहे तेथील आणि चंद्रपूर-वणी परिसरातील वर्धा खोऱ्यातील कोळसा, दोन्ही पर्मियन काळातील, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुने आहेत; भारत आणि ऑस्ट्रेलिया तेव्हा गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते आणि ग्लोसोप्टेरिस जातीच्या झाडांची रानेही दोन्हीकडे होती. पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर दख्खनवर पसरले. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई या गावाची काळी जमीन ही त्याच लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज आहे, आणि म्हणून या गावाची ओळख कोळशाने नव्हे, तर हिरव्या मिरचीच्या बाजाराने झाली.

वाहतुकीचे गणित मात्र या बाजारालाही चुकत नाही. फरक एवढाच, की मिरचीला वेळ मारतो आणि कोळशाला अंतर. वर्धा खोऱ्यातला कोळसा २९२० मेगावॉटच्या चंद्रपूर केंद्रात, म्हणजे खाणीच्या शेजारीच, जाळला जातो, कारण राखेचे प्रमाण जास्त असलेला हा माल लांब नेणे म्हणजे राखेचेच भाडे भरणे होय. उलट रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडचे १२०० मेगावॉटचे केंद्र आयात कोळशावर बेतलेले आहे, कारण सह्याद्री ओलांडून येणाऱ्या मालगाडीपेक्षा धक्क्याला लागणारे जहाज त्याला सोयीचे पडते. एकाच राज्याच्या एका टोकाला कोळसा जमिनीतून वर येतो आणि दुसऱ्या टोकाला तो समुद्रातून उतरतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील विजेच्या भट्ट्यांना मात्र तारेतून आलेली वीज यांपैकी कोणत्या कोळशाची, हे कधीच ओळखता येत नाही.