पांखराचें चित्र आणि भिंगाचा पल्ला

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली होती. विषय होता नातवाच्या लेन्सचा. महाविद्यालयांत जाऊं लागल्यापासून त्याला पक्ष्यांचीं छायाचित्रें काढण्याचा नाद लागला आहे. कॅमेरा मामानें दिला. परंतु त्यासोबत आलेल्या लेन्सनें अंगणांतील कढीलिंबावरचा शिंजीर टिपला, तर चित्रांत कढीलिंब तेवढा दिसे आणि शिंजीर कोठें आहे तें बोटानें दाखवावें लागे. "आजोबा, चारशें मिलिमीटरची लेन्स पाहिजे," असें त्यानें मला हळूच सांगितलें, व मीं तें रात्रीच्या पंगतींत सर्वांपुढें मांडलें. आमच्या थोरल्या बंधूंनीं किंमत विचारली आणि ती ऐकून ते म्हणाले, "एवढ्यांत दुचाकी येते!" सौभाग्यवतीचें म्हणणें, "पांखरें डोळ्यांनीं दिसतात, तेवढें पुरत नाहीं का?" दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांना उत्तर द्यावयाचें तर विषय समजून घेणें प्राप्त होतें. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला भिंगांचें शास्त्र कोठून ठाऊक असणार? पण थोडें वाचल्यावर विषय मुळांत त्रैराशिकाचा निघाला, आणि त्रैराशिक मला येतें.

चित्रांत पक्षी केवढा येईल हें काढण्याची रीत अशी. पक्ष्याच्या लांबीला लेन्सच्या नाभीय अंतरानें गुणावें व पक्षी जितका दूर असेल त्या अंतरानें भागावें. शिंजीर चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १० सेंटिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर. तो १० मीटरांवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरांवर बसला आहे असें समजा. लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर उत्तर येतें अर्धा मिलिमीटर; ४०० ची असेल तर चार मिलिमीटर. सामान्य कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारें २४ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे पहिल्या लेन्सनें शिंजीर चित्राच्या रुंदीचा अठ्ठेचाळिसावा भाग व्यापतो, तर दुसऱ्या लेन्सनें सहावा. सहाव्या भागांत डोळा, वांकडी चोंच व पिसांवरील निळी झांक हीं सर्व स्पष्ट उमटतात.

परंतु याच गणितांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला नातवाला मुद्दाम दाखवावी लागली. भाजक निम्मा केला तरी उत्तर दुप्पट होतें. पक्ष्यानें आपणांस पांच मीटरांपर्यंत येऊं दिलें, तर २०० मिलिमीटरची लेन्सहि तेवढेंच चित्र देते. त्याकरितां सरळ पक्ष्याच्या रोखानें चालूं नये. तिरकें, थांबत थांबत जावें. मळकट रंगाचे कपडे घालावेत. आणि शक्य तर मोटारींतच बसून राहावें, कारण माणसापेक्षां मोटारीला पक्षी कमी भितात. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं तर पेंढा भरलेला एक पोकळ बैल तयार करून त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह दडी मारली होती! त्यांनीं १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतील चित्रें प्रत्यक्ष रानांत काढलेलीं होतीं. बैलाची युक्ति आम्हांस झेपणारी नव्हती. शेजाऱ्यांची जुनी जीप मात्र मिळाली.

किमतीचा उलगडाहि भागाकारांतच होतो. लेन्सवरील एफ-अंक म्हणजे नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागून येणारी संख्या. तेव्हां ४०० मिलिमीटर व एफ ५.६ या लेन्सला सुमारें ७१ मिलिमीटर व्यासाचें छिद्र लागतें. पण ६०० मिलिमीटर व एफ ४ असें म्हटलें कीं तोच व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा इंच होतो. एवढीं मोठीं व निर्दोष भिंगें घडविणें कठीण, म्हणून तीं महाग आणि जडहि. गृहस्थाच्या आटोक्यांतील लेन्सा दोन प्रकारच्या: १०० ते ४०० मिलिमीटरची, किंवा १५० ते ६०० मिलिमीटरची. दुसरीचा पल्ला अधिक, परंतु तिचें वजन सुमारें दोन किलो, व तासभर हातांत धरली कीं खांदा बोलूं लागतो. आम्हीं पहिली पसंत केली, तीहि वापरलेली, पुण्याहून. निम्मी रक्कम मीं दिली व निम्मी नातवानें शिकवण्या करून फेडावी असें ठरलें. थोरल्या बंधूंचें समाधान झालें.

आतां एक्स्पोझर. चित्र उजळ होणार कीं काळवंडणार हें तीन गोष्टींवर ठरतें: छिद्राचा एफ-अंक, शटर उघडें राहण्याचा काल, आणि आयएसओचा अंक. फिल्मच्या दिवसांतील एक नियम अद्यापि उपयोगी आहे. स्वच्छ उन्हांत एफ १६ ठेवावें, व आयएसओचा जो अंक तोच शटरच्या कालाचा छेद धरावा. आयएसओ ४०० असेल तर काल १/४०० सेकंद. तेथून छिद्र एकेक पायरी उघडावें, ११, ८, ५.६, दर पायरीस प्रकाश दुप्पट होतो, म्हणून काल निम्मा करावा: १/८००, १/१६००, १/३२००. कोवळ्या उन्हांत एक पायरी सोडावी लागते. आंब्याच्या सावलींतील बुलबुलाला तर तीन पायऱ्या कमी प्रकाश मिळतो. तेथें एफ ५.६ ला १/४०० वरच थांबावें लागतें, किंवा आयएसओ वाढवावा लागतो. वाढविण्यास भिऊं नये. रवाळ चित्र पाहवतें. हललेलें चित्र पाहवत नाहीं.

काल किती ठेवावा? बसलेल्या पक्ष्यास १/५०० अथवा त्याहून कमी वेळ. आपला हातहि कांपतो. ४०० च्या लेन्सला लहान सेन्सर असेल तर १/६०० हा सुरक्षित काल. उडत्या बगळ्यास १/१६००, व वेड्या राघूसारख्या चपळ पांखरास १/३२००. नेम नेहमीं डोळ्यावर धरावा. शेपूट अस्पष्ट झाली तर चालेल, डोळा अस्पष्ट झाला कीं चित्र गेलें.

पहिली मोठी फजिती नाथसागरावर झाली. गोदावरीवरील पैठणच्या धरणाचें हें पाणी आपल्या जिल्ह्यांतील शेवगांव-नेवाशाच्या बाजूलाहि पसरलें आहे, आणि १९८६ सालीं त्यास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पौषांतल्या सकाळीं तेथें काढलेल्या बगळ्याच्या अंगावर एकहि पीस दिसेना. जणूं चुन्याचा गोळा! कारण असें कीं, कॅमेऱ्याचें यंत्र सर्व जग मध्यम करड्या छटेचें आहे असें समजून चालतें. काळसर पाणी पुष्कळ व पांढरा बगळा थोडा. पाणी उजळ करण्याच्या नादांत यंत्र बगळ्याला भाजून काढतें. अशा वेळीं एक्स्पोझर दोनतृतीयांश ते एक पायरी उतरवावें. उलट, तेजस्वी आकाशापुढें तारेवर बसलेला कोतवाल नुसता कोळशाचा तुकडा होतो. तेथें एक ते सवा पायरी चढवावें. आणि पांढरा पक्षी सबंध चित्र व्यापून बसला, तर त्यालाहि चढवावेंच लागतें, कारण आतां यंत्र त्यालाच करडा करूं पाहतें.

आमची सावेडी एके काळीं नगराबाहेरचें गांव होती. आज ती शहरांत मिसळून गेली आहे. तरी मोकळ्या भूखंडांवर टिटव्या, चंडोल, खाटीक व तारांवर नीलकंठ अजून दिसतात, आणि पिंपळगांव माळवीचा तलाव फार दूर नाहीं. प्रारंभ अंगणांतून करावा हेंच बरें. माळावर मात्र सकाळीं लवकर जावें. दहा वाजून गेले कीं तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरूं लागते, आणि मग कितीहि मोलाची लेन्स असली तरी दूरचें चित्र पुसटच येतें.

इतका वेळ गणिताचें सांगितलें. आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें सांगतों. चैत्रांत एका मोकळ्या भूखंडावर नातवाला टिटवीचीं अंडीं दिसलीं. टिटवी घरटें बांधीत नाहीं. खड्यांमध्यें लहानसा खळगा करून त्यांत चार अंडीं घालते, आणि तीं खड्यांसारखींच दिसतात. आम्ही दोघे तेथें गेलों. टिटवी उठून ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालूं लागली. "आजोबा, ती परत अंड्यांवर बसेल तेव्हांचें चित्र मिळेल," असें नातू म्हणाला. मीं "थांबूं" म्हटलें. आम्ही पाऊण तास थांबलों, वीस पावलांवर. ऊन चढत होतें. ती उतरे, दोन पावलें चाले, आमच्याकडे पाही, व पुन्हा उडे. शेवटीं ती बसली व चित्र मिळालें. एफ ८, १/१६००. डोळ्याभोंवतींचा तांबडा लोळा अगदीं स्पष्ट आला होता.

दुसऱ्या दिवशीं खळगा रिकामा होता. रात्रीं संगणकावर चित्रें चाळीत असतां नातू एकदम थांबला. एका चित्रांत, टिटवी हवेंत असतांना, मागच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. पुढच्या तिन्ही चित्रांतहि तो तेथेंच होता. आमची नजर पक्षिणीवर होती; त्याची अंड्यांवर. जागा त्याला आम्हींच दाखविली.

टिट्टिभांची गोष्ट मीं किती वर्षें वर्गांत शिकविली! पंचतंत्रांत समुद्र टिट्टिभ जोडप्याचीं अंडीं नेतो, आणि गरुडाच्या द्वारें भगवंतापर्यंत गाऱ्हाणें जाऊन समुद्राला तीं परत करावीं लागतात. लहानाचेंहि ऐकणारा कोणी असतो, असें मी मुलांना सांगत असें. या खेपेस समुद्राच्या जागीं मी होतों, आणि अंडीं परत करणें माझ्या हातीं नव्हतें.

मग कायदा पाहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत वन्य पक्ष्यांचीं अंडीं किंवा घरटीं यांस उपद्रव देणें हेंहि येतें. बंदूक हातीं नसली म्हणून मनुष्य शिकारी नसतोच असें नाहीं. आणि टिटवी पुन्हा अंडीं घालूं शकते, माळढोकाचें काय? त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळरानें अभयारण्यांत घेतलीं गेलीं. तो बहुधा एकच अंडें घालतो. २०११ पासून जगांतील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते, आणि आपल्याकडील माळांवर तो आतां जवळजवळ दिसेनासा झाला आहे. अशा पक्ष्याला पाऊण तास अंड्यावरून उठवून ठेवणें याचा अर्थ काय होतो, हें मला त्या रिकाम्या खळग्यानें शिकविलें.

नातवाला एका स्पर्धेस चित्र पाठवावयाचें होतें आणि टिटवीचें तें चित्र त्याच्या संग्रहांत सर्वांत उत्तम होतें. मीं कांहींच सांगितलें नाहीं. त्यानें दोन दिवस विचार केला व नाथसागरावरचा, पिसें नीट उमटलेला दुसरा बगळा पाठविला. टिटवीचें चित्र त्यानें पुसलें नाहीं. भिंतीवरील कावळ्यासह तें त्याच्या टेबलापुढें लावलेलें आहे.

सध्यां कढीलिंबावर शिंजिराचें घरटें लोंबत आहे. सूनबाईनें त्या फांदीचा पाला तोडणें बंद केलें असून आमटीला पाला शेजारच्या घरून येतो. लेन्स पेटींत आहे. पिलें उडून जाईपर्यंत ती बाहेर काढावयाची नाहीं, असा ठराव झाला आहे, आणि या वेळीं सभा न भरवितां.