डायलिसिसवरच्या बाईचं ताट



शेगावच्या आमच्या गटात एक मावशी येतात. आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस असतं. फिस्टुला केलेल्या हातात बांगड्या नाहीत. दुसऱ्या हातातल्या सहा महिन्यांत कोपराकडे सरकू लागल्या. वजन विचारलं तर म्हणाल्या, "तेवढंच हाये न, ताई." काटा तेवढाच दाखवत होता, कारण अंगात साचणारं पाणी झडलेल्या मांसाची जागा भरून काढत होतं.

मग जेवणाचं विचारलं. "डाळ बंद केली हाये डागदरानं." कधी? दोन वर्षांपूर्वी, डायलिसिस सुरू होण्याआधी. तेव्हा ते बरोबरच होतं. मूत्रपिंडं निकामी होत असताना त्यांच्यावरचा भार हलका करायला प्रथिनं कमी करतात. पण डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. प्रत्येक वेळी यंत्रातून काही ग्रॅम प्रथिनं आणि अमिनो आम्लं वाहून जातात, म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. दोन भाकरी आणि पातळ वरणात निम्मीही भरत नाहीत. जुना कागद बदलायचा असतो, हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, योजनेचे कागद भरून दिले आणि काम झालं असं समजले.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, मूत्रपिंडाचं दुखणं नवं नाही. गोड्या पाण्यासाठीचा लढा चालूच राहील. मधुमेह आणि रक्तदाब वेळीच तपासण्याचं कामही करावंच लागेल. पण ज्या बाया आज यंत्राला जोडलेल्या आहेत, त्यांच्या ताटाचं काय?

नवऱ्याला डायलिसिस असलं की घरात दोन भाज्या होतात. त्याची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी फेकून वेगळी केली जाते, कारण त्यानं पोटॅशियम कमी होतं. बायकोला डायलिसिस असलं की एकच भाजी होते, सगळ्यांची. "माह्या एकटीसाठी काय येगळं करू?" डायलिसिसच्या दिवशी पहाटे सगळ्यांचा स्वयंपाक उरकून ती उपाशी बस पकडते. शेवटी जेवणारीच्या वाट्याला येतो तो डाळीचा वरचा निवळ. त्यात एकादशी, चतुर्थी, गुरुवार. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. बटाटा, केळी, शेंगदाण्यांत पोटॅशियम भरपूर. ते रक्तात फार वाढलं तर हृदय एकाएकी थांबू शकतं. आमच्या मावशी माळकरी, अंडं चालत नाही. त्यांच्यासाठी घट्ट वरण, मोजकं दही, थोडं पनीर असा हिशेब आहारतज्ज्ञानं बसवून दिला. तो पाळायचा तर घरानं पाळायला हवा. भुकेल्याला आधी जेवू घालावं, हे सांगितल्यावर सासूबाईंनी स्वतःच गुरुवार सोडवला.

हा प्रश्न एका घराचा नाही. १९९५ ते २०२१ या काळात देशात प्रत्यारोपणातून अवयव मिळालेल्या दर पाच जणांत चार पुरुष होते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बहुसंख्य बायका. म्हणजे बाईचं मूत्रपिंड घराला चालतं, तिच्यासाठी द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही. तिला डायलिसिसवरच वर्षं काढायची असतात, तीही अर्धपोटी.

२०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, राज्याची महात्मा फुले योजना आहे. यंत्राचा खर्च सरकार उचलतं, पोषणाचा नाही. क्षयरोग्यांना २०१८ पासून पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. मग डायलिसिसच्या रुग्णांना का नाहीत? प्रत्येक केंद्रावर आहारतज्ज्ञ हवा, आपल्या भाकरी-वरणाच्या भाषेत लिहिलेला कागद हवा आणि तो समजावताना घरची माणसं समोर हवीत. या मागण्या घेऊन आपण जिल्हा रुग्णालयात जाऊया.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्या वस्तीत डायलिसिसवर जाणारी बाई असेल तर तिच्या घरी जेवणाच्या वेळी जा. ती काय जेवते हे विचाराच. पण आधी, ती कुणाच्या नंतर जेवते, ते बघा.