रविवार कोणाचा, किनारा कोणाचा?

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. तेथे नगरपरिषद आहे, धान्याची बाजारपेठ आहे आणि पलीकडे लगेच कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा सुरू होतो. मुंबईहून दक्षिणेकडे निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचला. तेव्हापासून मुंबईच्या गाड्या दुधनीवरून जात आल्या आहेत. पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या या गावाला नुसता वारा घालून निघून जातात. ज्या मुंबईहून त्या येतात तिचा समुद्र येथून पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. दुधनीच्या शेतमजुराला एखादा दिवस मोकळा मिळालाच तर तो अक्कलकोटला किंवा गाणगापूरला जातो. आणि त्याच दिवशी मुंबईतील मोटारवाला अलिबाग, माथेरान की लोणावळा, याचा विचार करीत असतो. ‘दोन तासांत पोहोचता येईल असे ठिकाण’ ही कल्पनाच मुळी घरी मोटार आहे आणि रविवार आपला आहे, हे गृहीत धरून जन्माला आलेली आहे.

या गृहीतकाला राज्यकर्त्यांनी काँक्रीटचे रूप दिले. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्यावर सतरा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. दुचाकीला, रिक्षाला आणि ट्रॅक्टरला त्यावर मज्जाव आहे. एसटीच्या शिवनेरी आणि बेस्टच्या काही गाड्या पुढे तेथून सोडण्यात आल्या खऱ्या, परंतु पूल बांधला गेला तो प्रामुख्याने मोटारीच्या सोयीसाठी. उद्घाटनाच्या वेळी मोटारीला एकेरी पथकर होता २५० रुपये, परतीसह ३७५ रुपये. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या मजुराची दिवसाची मजुरी २७३ रुपये ठरलेली होती. दिवसभर उन्हात माती उपसून मिळणाऱ्या दामात समुद्रावरून एकदा पलीकडे जाता येते; परत येण्यापुरते पैसे मात्र उरत नाहीत. बांधकाम कोणासाठी आणि कर कोणाच्या श्रमाचा, हे समजण्यास यापेक्षा अधिक आकडेवारीची गरज नाही.

यावर एक आक्षेप अनेकदा पक्षाच्या कार्यकर्त्यांकडूनच घेतला जातो. भाकरीचा प्रश्न सुटला नसताना सहलीचा प्रश्न काढणे ही चैन नव्हे काय, असे ते विचारतात. या आक्षेपाला कामगार चळवळीचा इतिहासच उत्तर देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा कामगाराचे पोट भरलेले नव्हते. तरीही तिच्या पहिल्या मागण्यांत आठवड्याच्या एका सुटीची मागणी होती. ती मिळविण्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज जो मोटारवाला रविवारी अलिबागची वाट धरतो, त्याचा रविवार सत्यशोधक विचारांच्या एका कामगारनेत्याने मिळवून दिलेला आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. भाकरी आणि विसावा यांच्यात आधी कोण, असा वाद मालकाच्या सोयीचा असतो. कामगाराने दोन्ही एकदमच मागितले आहेत.

राज्यघटनाही याच बाजूची आहे. तिच्या ४३ व्या अनुच्छेदाने शेतीतील, उद्योगातील आणि अन्य सर्व कामगारांना निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा यासाठी झटण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. त्या यादीत शेतीतील कामगाराचा उल्लेख सर्वांत आधी आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ व्या कलमानेही विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्याला आठवड्याची सुटी कायद्याने मिळते. सोलापुरात घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजारी दराने. ज्या दिवशी तिचे हात थांबतात त्या दिवशी मजुरीही थांबते. यंत्रमागावर मीटरप्रमाणे पैसे घेणाऱ्याचे तेच. दुधनीच्या शिवारात तुरीची कापणी करणाऱ्या मजुराला काम नसते ते दिवस सक्तीच्या बेकारीचे असतात. त्यांना सुटी म्हणणे ही थट्टा होईल. सुटी तीच, जिच्यामुळे दुसऱ्या दिवशीची चूल थंड राहत नाही. उलट, कामगारांचे तास वाढविण्याचीच घाई सत्ताधाऱ्यांना झाली आहे. उद्योगांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. आठवड्याचे एकूण तास तेच राहतील, असे समर्थन केले जाते. संघटना नसलेल्या कारखान्यात बारा तासांचा दिवस सुरू झाल्यावर आठवड्याचा हिशेब कोण मागणार आहे?

ज्याला हक्काची सुटी नाही, त्याने विसावा कसा शोधला, हे दुधनीसारख्या गावात पाहावे. पौर्णिमा आली की माणसे गाणगापूरला जातात, गुरुवारी अक्कलकोटला जातात, आषाढीला पंढरपूरची वाट धरतात. समाजवादी कार्यकर्ता या गर्दीकडे पुष्कळदा अंधश्रद्धेचे एक उदाहरण म्हणून पाहतो आणि पुढे जातो. तेथेच त्याची चूक होते. वर्षभर शेतात आणि चुलीपाशी राबणारी बाई मला एक दिवस मोकळा हवा, असे घरात म्हणू शकत नाही. देवाला जायचे आहे, असे म्हणू शकते. गरिबाला विसाव्यासाठीही देवाचे निमित्त लागते. भीमा-अमरजेच्या संगमावर ती पाय पाण्यात सोडून बसते, बरोबरच्या बायांशी बोलते, बांधून आणलेली भाकरी झाडाखाली खाते. श्रीमंतांच्या भाषेत यालाच सहल म्हणतात. खुद्द लोखंड्यांच्या काळीही रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारण सुटीच्या मागणीला जोडले गेले होते, असे सांगितले जाते.

साने गुरुजींना हे पुरते उमगलेले होते. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये याच सोलापूर जिल्ह्यात उपोषण केले. जेथे सर्व जण जमतात, तेथे जाण्याचा हक्क सर्वांना असला पाहिजे, हा त्या उपोषणाचा आशय होता. तो आशय मंदिरापाशी संपत नाही. तो नदीकाठाला, डोंगराला आणि समुद्रकिनाऱ्यालाही लागू आहे.

हक्क कागदावर असला तरी तेथवर पोहोचण्यास वाहन लागते. २०२० च्या टाळेबंदीत बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसचे भाडे घेऊन. किमान तिकीट दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुका तोंडावर आल्यावर, ते पुन्हा दहावर आले. मधल्या काळात चौघांच्या कुटुंबाने किती वेळा जाणे टाळले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. १ जून १९४८ रोजी सुरू झालेल्या एसटीने खेड्यातील माणसाला जग दाखविले. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. ही सवलत विरोधी पक्षांनीही मोकळ्या मनाने मान्य करावी इतकी ती उपयुक्त आहे. परंतु ताफा घटत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. सवलत आहे पण गाडी नाही, अशी अवस्था आडवळणाच्या मार्गांवर अनेक ठिकाणी आहे.

दुधनीला याखेरीज एक वेगळाच काच आहे. एसटीची निम्मी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. कर्नाटकाने जून २०२३ पासून स्त्रियांना साध्या बसगाड्यांत मोफत प्रवास दिला, पण तो त्या राज्याच्या रहिवासी स्त्रियांना. गाणगापूर दुधनीच्या शेजारचे. मात्र तेथे जाणाऱ्या दुधनीच्या बाईची सवलत सीमेवर संपते आणि पलीकडची सवलत तिला लागू होत नाही. घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या बाईवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने अक्कलकोटचा भाग कर्नाटकाला द्यावा असे सुचविले. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी तोच दावा पुन्हा उकरून काढला आणि महाराष्ट्राच्या नेत्यांनी त्याला तितक्याच आवेशाने उत्तर दिले. या सगळ्या आवेशात तिच्या तिकिटाचा प्रश्न मात्र कोणी काढला नाही.

आता मुंबईजवळच्या त्या सुखद ठिकाणांकडे पाहावे. माथेरानला मोटारींना बंदी आहे, हे त्याचे मोठे आकर्षण. पण मोटार नाही म्हणून तेथे माणूस माणसाला ओढत राहिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच विद्युत रिक्षांची मागणी लावून धरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे होत असताना असा आदेश द्यावा लागला. तोवर कोणाच्या तरी एका दिवसाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याचे खांदे वर्षानुवर्षे झिजत होते.

अलिबागची गोष्ट याहून सलणारी आहे. याच तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमीन न कसता तो चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली. आज मांडव्यापासून किहीमपर्यंत पाहावे तो शहरी धनिकांच्या शेतघरांच्या भिंती उभ्या आहेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हा कायदा अजून पुस्तकात आहे. किनारा नियमनाचा कायदाही आहे. पण किहीम येथील नीरव मोदी याचा बेकायदा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला, तोही मालक देशाबाहेर पळून गेल्यानंतर. सहा वर्षे उपाशी राहून खोताकडून सोडविलेली जमीन नवे खोत पैसे मोजून घेत आहेत आणि चरीच्या लढवय्यांचे नातू त्या बंगल्यांची राखण करीत आहेत.

याला पर्याय नाही असे नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये लिओं ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि लिओ लाग्रांज या तरुण समाजवादी मंत्र्याने त्यांच्यासाठी रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. रजा आणि तिकीट ही दोन्ही बरोबर मिळाली, म्हणूनच तो हक्क प्रत्यक्षात आला.

महाराष्ट्रात हे करण्यास फार मोठ्या तिजोरीची गरज नाही. शालेय सहलींना एसटी निम्म्या भाड्यात गाडी देतेच. तीच सवलत शेतमजूर, विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि घरकामगार यांच्या संघटनांना द्यावी. सीमेवरील तालुक्यांतून शेजारच्या राज्यातील जवळच्या गावांपर्यंत दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या स्त्रियांची सवलत मान्य करावी. हजारी आणि मीटरच्या दरात आठवड्याच्या सुटीची मजुरी मिळविली जावी. किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांची ग्रामपंचायतनिहाय नोंद होऊन त्यांवरील भिंती हटाव्यात. सागरी पुलांवर एसटीला पथकर माफ असावा.

यांतील एकही मागणी निवेदन देऊन पदरात पडणार नाही. लोखंड्यांना सहा वर्षे लागली, चरीच्या कुळांनाही सहा लागली. कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्या तालुक्यापासून करावा. आपल्या गावात हक्काचा रविवार किती जणांना आहे, याची घरोघर जाऊन मोजणी करावी आणि ती यादी घेऊन आगाराच्या व तहसीलदाराच्या दारात उभे राहावे. दुधनीच्या शाळेतील एखाद्या मुलीने समुद्र पाहावा, भिंतीच्या फटीतून नव्हे तर वाळूवर उभे राहून पाहावा, आणि तिच्या आईलाही त्या दिवसाची मजुरी बुडू न देता तिच्याबरोबर जाता यावे, एवढी ही मागणी आहे. ती ज्यांना फाजील वाटते त्यांनी आपला रविवार कोणाच्या लढ्यातून आला, हे एकदा आठवून पाहावे.